कमरेवरचा वळ आणि न भरणारी जखम

कोकणात नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या वयस्क स्त्रीच्या कमरेवर, नाडा बसतो त्या जागी, काळपट रंगाचा एक आडवा पट्टा बहुधा असतोच. चाळीस-पन्नास वर्षे एकाच जागी नाडा आवळला गेल्यावर कातडीवर त्याची खूण उमटणारच, असे घरातील सर्वांना वाटते आणि ते बव्हंशी खरेही आहे. अशा बहुसंख्य स्त्रियांना या पट्ट्याचा आयुष्यभर फारसा त्रास होत नाही. थोडी खाज, पावसाळ्यात थोडी जळजळ, एवढ्यावर भागते. परंतु फार थोड्या जणींच्या बाबतीत याच पट्ट्यावर एक लहानशी जखम होते, ती भरत नाही, आणि वर्ष-दीड वर्षाने तपासणी झाल्यावर तो त्वचेचा कर्करोग असल्याचे निष्पन्न होते. वैद्यकीय वाङ्मयात या दुखण्याला ‘साडी कॅन्सर’, ‘पेटीकोट कॅन्सर’ अशी नावे मिळाली आहेत. नावे वर्तमानपत्री मथळ्यांना शोभणारी असल्याने गैरसमजही बरेच पसरले. साडी नेसल्याने कर्करोग होतो, असा त्यांचा अर्थ नाही. एकाच अरुंद रेषेवर वर्षानुवर्षे पडणारा दाब आणि घर्षण हे त्याचे कारण आहे. तोच परकर सैल बांधला असता हा प्रश्न उद्भवत नाही.

दुखणे दुर्मीळ आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. भारतात एकूण कर्करोगांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण अल्पच असते. तरीही त्याचा विचार करण्याजोगे कारण असे, की पोटातील किंवा फुप्फुसातील रोगाप्रमाणे हा रोग लपून बसलेला नसतो. तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, आणि वेळेवर काढला तर बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात. असे असूनही रुग्ण डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतात. हा उशीर बहुतेक वेळा रोगामुळे होत नाही; तो घरातच होतो.

या दुखण्याची जी जुनी नोंद आजही सर्वत्र सांगितली जाते ती मुंबईतील आहे, आणि ती साडीविषयी नसून धोतराविषयी आहे. परळ येथील टाटा मेमोरिअल रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते हेच. देशाच्या सर्व प्रांतांतून, सर्व जातीधर्मांचे रुग्ण या एका इमारतीत येत. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक आढळतो, आणि त्याचा त्या समाजाच्या खाण्यापिण्याशी, व्यसनाशी, पेहरावाशी काही संबंध आहे काय, याचा शोध डॉ. खानोलकरांनी चिकाटीने घेतला. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींशी संबंधित असे कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांपैकी एक ‘धोतर कॅन्सर’. कमरेभोवती धोतर घट्ट कसून बांधण्याची आयुष्यभराची सवय, त्या रेषेवर पडलेला जाड काळा पट्टा, आणि पुढे त्यावर झालेला व्रण, असा तो क्रम होता.

त्या काळी पेढीवर बसणारा व्यापारी, शेतकरी, भिक्षुक, शाळामास्तर असे सारेच धोतर नेसत. पुढे पाटलोण आली, धोतर पूजेपुरते व लग्नकार्यापुरते उरले, आणि धोतर कॅन्सरही जवळजवळ दिसेनासा झाला. कोणतेही औषध न देता, केवळ पेहराव बदलल्याने मागे हटलेला हा कर्करोग म्हणावा लागेल. पुरुषांच्या कमरेवरून तो गेला. स्त्रियांच्या कमरेवर मात्र नाडा राहिला.

सवयीतून उद्भवणारा कर्करोग ही कल्पना त्याही पूर्वीची आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुरांडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात होणाऱ्या वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडून दाखवला होता. आपल्याकडे काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत फिरनच्या आत निखाऱ्यांची ‘कांगडी’ पोटाशी धरून बसण्याची रीत आहे. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये केले. काश्मीरमध्ये धग, कोकणात नाडा. कारणे निराळी असली तरी कातडीवर घडणारी प्रक्रिया पुष्कळशी एकसारखी आहे.

साडीच्या संदर्भातील नोंदी त्यामानाने अलीकडच्या. ‘साडी कॅन्सर’ या शीर्षकाचा लेख २००५ मध्ये ‘बॉम्बे हॉस्पिटल जर्नल’मध्ये आला. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिकत मांडली आणि हा विषय जगभरच्या वृत्तपत्रांतून गाजला. पहिली स्त्री ७० वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर १८ महिन्यांपासून न भरणारी, दुखरी जखम होती आणि भोवतालच्या कातडीचा रंग उडालेला होता. ती साडीखालच्या परकराचा नाडा घट्ट बांधत असे. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील. ती ४० वर्षे परकराशिवाय लुगडे कसून नेसत होती. तिलाही उजव्याच कुशीवर व्रण होता आणि तो दोन वर्षांचा होता. दोघींच्या तुकड्याच्या तपासणीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. दुसऱ्या स्त्रीच्या जांघेतील एका लसिकाग्रंथीपर्यंत रोग पोहोचलेला होता. यांतील एकीने डॉक्टरांना सांगितले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सहा वर्षांपूर्वी कमरेवर रंग गेलेला एक लहानसा डाग तिला प्रथम दिसला होता, आणि किरकोळ म्हणून तिने तो सोडून दिला होता. डाग दिसल्यापासून निदान होईपर्यंत एवढी वर्षे हाताशी होती.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हे नाव अवघड असले तरी त्याचा अर्थ सोपा आहे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर चपट्या, माशाच्या खवल्यांसारख्या पेशींचा असतो. त्या पेशींचा कर्करोग तो हा. या थराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून जो होतो त्याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूस किंवा पापणीजवळ मोत्यासारख्या चकचकीत, आपल्या वर्णावर अनेकदा काळसर दिसणाऱ्या पुटकुळीच्या रूपाने येतो, हळू वाढतो आणि क्वचितच इतरत्र पसरतो. त्वचेचे हे दोन कर्करोग जगात सर्वाधिक आढळतात. गोऱ्या वर्णाच्या देशांत त्यांचे मुख्य कारण सूर्याची अतिनील किरणे. आपल्या कातडीतील रंगद्रव्य त्या किरणांपासून पुष्कळ संरक्षण देते. त्यामुळे आपल्याकडे भाजल्याचे जुने डाग, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमा आणि सततचे घर्षण या कारणांना अधिक महत्त्व येते.

घर्षणातून कर्करोगापर्यंतचा प्रवास फार संथ असतो. नाड्याच्या दाबाखाली कातडी प्रथम लालसर होते, मग काळवंडते, जाड होते, तिचे पापुद्रे सुटू लागतात. काहींच्या बाबतीत उलट घडते आणि तेथील रंग उडून पांढुरका पट्टा पडतो. घाम साचून कातडी ओली राहिली की ती मऊ पडते व सोलवटते. ती भरून येते, पुन्हा नाडा बसतो, पुन्हा सोलवटते. प्रत्येक वेळी झीज भरून काढण्यासाठी नव्या पेशी घाईने तयार व्हाव्या लागतात. अशी दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली की एखाद्या पेशीच्या रचनेत बिघाड होऊन तिच्या वाढीवरचा निर्बंध सुटतो. जुन्या व्रणावर किंवा वणावर उद्भवणाऱ्या अशा कर्करोगास मार्जोलिन व्रण म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. लहानपणी स्टोव्हने किंवा चुलीवरच्या पाण्याने भाजलेल्या जागीही हा रोग तीस-तीस वर्षांनी डोके वर काढू शकतो, म्हणून ज्यांच्या अंगावर भाजल्याचे मोठे जुने डाग आहेत त्यांनाही पुढील सर्व मजकूर तितकाच लागू आहे. सामान्य स्क्वॅमस कर्करोगापेक्षा मार्जोलिन व्रण अधिक आक्रमक असतो आणि लसिकाग्रंथींत लवकर उतरतो.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी हा रोग ओळखण्यात एक खास अडचण येते, ती हवामानाची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने न वाळणारे कपडे, आणि उरलेले आठ महिने समुद्रकाठचा दमट उकाडा. कमरेवर नायटा होणे ही येथे घरोघरची गोष्ट आहे. त्यामुळे कमरेवर काहीही झाले तरी तो नायटाच, असा निष्कर्ष आपोआप निघतो. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीवरील औषधासोबत तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने खाज व लाली दोन दिवसांत कमी होते, बरे वाटते, ट्यूब बंद होते, पुन्हा त्रास होतो, पुन्हा तीच ट्यूब येते. दरम्यान कातडी अधिकाधिक पातळ होत जाते आणि खालचे मूळ दुखणे झाकले जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही मलमे वापरण्याची जी सवय पडली आहे तिच्यामुळे साधा नायटासुद्धा हट्टी झाला आहे. मग कर्करोगाची गोष्टच सोडा.

नायटा आणि हे दुखणे यांतील भेद घरातील जाणत्या माणसाला बऱ्याच अंशी कळू शकतो. नायट्याची कडा गोलाकार पसरत जाते, मधला भाग निवळतो, खाज फार असते, आणि योग्य औषधाने काही आठवड्यांत तो मागे हटतो. नाड्याच्या रंगाने, रबरी इलॅस्टिकने किंवा कमरेला खोचलेल्या किल्ल्यांच्या छल्ल्यातील निकेल धातूने उठणारे गजकर्णासारखे चट्टेही कारण दूर केल्यावर जातात. कर्करोगाची जखम निराळी वागते. ती एकाच जागी ठाण मांडून बसते. तिच्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते, पण खालची जागा भरत नाही. तिच्या कडा उंच, टणक आणि बाहेर वळलेल्या होतात. परकर बदलताना किंवा पंचाने पुसताना सहज रक्त येते. कधी मध्यभागी फुलकोबीसारखी खडबडीत वाढ दिसते, कधी दुर्गंधीयुक्त पाणी येते. पूर्वी केवळ खाजणारी जागा दुखू लागणे, हीसुद्धा सूचना समजावी. जांघेत किंवा काखेत न दुखणारी टणक गाठ हाताला लागली तर एक दिवसही थांबू नये.

यातील सर्वांत उपयुक्त खूण म्हणजे काळ. नाड्याच्या रेषेवरची कोणतीही जखम, नाडा सैल करूनही चार आठवड्यांत भरली नाही, तर ती त्वचारोगतज्ज्ञाला किंवा सर्जनला दाखवावी. व्यापारी घरात हुंडीची मुदत कोणी विसरत नाही. जखम दिसली त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली, तर ‘झाले असतील पंधरा दिवस’ असे म्हणता म्हणता सहा महिने उलटत नाहीत.

पण जखम दिसायला ती कोणाला तरी दाखवली गेली पाहिजे, आणि खरी अडचण येथेच आहे. कमरेचा भाग नेहमी झाकलेला. कुशीच्या मागील बाजूस असलेली जखम स्वतःला नीट दिसत नाही. मुलाला सांगायचा संकोच, सुनेला सांगायचा संकोच, आणि पुरुष डॉक्टरांसमोर कमरेचे वस्त्र सैल करायचा त्याहून अधिक. रंग उडालेला डाग असेल तर आणखी एक भीती असते: कोड तर नव्हे? घरात नाती लग्नाच्या आहेत, चार ठिकाणी बोलणी चालू आहेत, अशा वेळी आजी तो डाग कोणालाच दाखवत नाही. घर्षणाच्या जागी कोडाचे डागही उमटू शकतात हे खरे, आणि ते कोड निघाले तरी तो संसर्गजन्य रोग नव्हे. परंतु दाखवल्याशिवाय यांतील काय आहे ते कळणार कसे? सासूच्या किंवा आईच्या पाठीला तेल लावताना, आंघोळीनंतर पाठ पुसून देताना, सुनेने किंवा लेकीने कमरेची रेषा चांगल्या उजेडात महिन्यातून एकदा पाहिली तर पुष्कळसे काम होते. वडीलधाऱ्यांनीही त्यात अवघडल्यासारखे वाटून घेण्याचे कारण नाही. स्त्री डॉक्टरकडून तपासणी हवी असल्यास तसे आधी सांगितले की बहुतेक ठिकाणी सोय होते.

निदानाचा निर्णायक मार्ग एकच, तो म्हणजे बायोप्सी. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज आपल्याकडे फार घट्ट रुजला आहे. त्वचेच्या या कर्करोगाच्या बाबतीत त्याला कोणताही आधार नाही, आणि त्याने केलेले नुकसान मात्र मोठे आहे. बायोप्सीत जागा सुन्न करणारे इंजेक्शन देऊन व्रणाच्या कडेचा, थोडी निरोगी त्वचाही येईल असा, लहान तुकडा काढतात. मध्यभागी बहुधा मृत पेशीच असल्याने केवळ तेथील तुकडा दिशाभूल करू शकतो. मोठ्या जखमेतून दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतले जातात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि साधारण आठवडाभरात अहवाल येतो. पहिल्या अहवालात कर्करोग नाही असे आले, पण जखम तशीच राहिली, तर पुन्हा बायोप्सी करण्यास डॉक्टरांनी सुचवले म्हणून त्यांच्यावर अविश्वास दाखवू नये. मार्जोलिन व्रणात असे घडते. आणखी एक दक्षता घरच्यांनी घ्यावी. कोठेही, कितीही लहान गाठ किंवा चामखीळ काढली गेली तरी ती तपासणीला पाठवली का, हे विचारावे आणि अहवालाची प्रत फाइलमध्ये ठेवावी. कागद जपून ठेवण्याची शिस्त व्यापारी घरांना शिकवावी लागत नाही.

निदान झाल्यावर डॉक्टर लसिकाग्रंथी तपासतात. नाभीच्या वरच्या त्वचेतील लसिकावाहिन्या साधारणतः काखेकडे जातात, खालच्या जांघेकडे. कमरेची रेषा नेमकी या सीमेवर येत असल्याने दोन्ही ठिकाणे तपासावी लागतात. ग्रंथी वाढलेली असल्यास सुईने पेशी काढून पाहतात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होते.

उपचाराचा पाया शस्त्रक्रिया हाच आहे. कर्करोगाची जागा भोवतालच्या निरोगी त्वचेच्या काठासह काढली जाते. लहान, कमी धोक्याच्या गाठीसाठी हा काठ चार ते सहा मिलिमीटरचा पुरतो. मार्जोलिन व्रणासाठी तो दोन सेंटिमीटरपर्यंत ठेवण्याकडे कल असतो. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत काय, हे विकृतितज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि अहवालातील हेच वाक्य घरच्यांनी सर्वप्रथम शोधावे. जागा लहान असेल तर टाके घालून बंद होते. मोठी असेल तर मांडीवरची पातळ त्वचा घेऊन तेथे रोपण करतात किंवा शेजारची त्वचा सरकवून आणतात. ग्रंथींत रोग असेल तर त्या ग्रंथीही काढाव्या लागतात आणि पुढे किरणोपचार देतात. किरणोपचार म्हणजे बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. ही गोष्ट आधीच ध्यानात घेऊन राहण्याची, सोबतीची, दुकानाची व्यवस्था लावावी लागते. रोग फार पुढे गेला, शस्त्रक्रिया शक्य राहिली नाही, तर प्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे आता आहेत. त्यांपैकी सेमिप्लिमॅब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ती अत्यंत महाग आहेत. सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेला त्वचेचा स्क्वॅमस कर्करोग शस्त्रक्रियेने नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो, आणि त्याचा खर्च व कष्ट पुढच्या अवस्थेतील उपचारांच्या तुलनेत किरकोळ म्हणावे इतके असतात.

पूर्वी कॅन्सर म्हटले की रत्नागिरीकरांची वाट थेट परळची असे, किंवा घाट चढून कोल्हापूर-मिरजेची. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. तपासणीची व बायोप्सीची पहिली पायरी रत्नागिरी शहरातच पार पडू शकते. जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता सुरू झाले आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवण येथील वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी टाटा मेमोरिअल आहेच. मात्र केवळ तुकडा तपासण्यासाठी मुंबईच्या तारखेची वाट पाहत दोन महिने घालवणे शहाणपणाचे नाही. बायोप्सी येथे करून, अहवाल हाती घेऊन मुंबई गाठली तर तेथेही वेळ वाचतो.

खर्चाच्या बाबतीत एक माहिती अनेक व्यापारी कुटुंबांना नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केवळ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेसाठी आहे, अशी त्यांची समजूत असते. २०२३ मध्ये राज्य शासनाने या योजनेचा विस्तार सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी केला आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवले. योजनेत समाविष्ट रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. कोणते उपचार योजनेत येतात हे दाखल होण्यापूर्वी त्याच्याकडून समजून घ्यावे. खासगी मेडिक्लेम असेल तर बायोप्सीची तारीख व अहवाल यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जुळवून ठेवाव्यात. निदान झाल्यावर घाईघाईने काढलेली पॉलिसी या खर्चासाठी लगेच कामास येत नाही. ती आधीच असावी लागते.

आपल्या घरांत उपचार लांबणीवर पडण्याची काही कारणे पंचांगातील असतात. चातुर्मास संपू दे, पर्युषण होऊ दे, दिवाळीचा हंगाम जाऊ दे, मग आंब्याचा, मग लग्नसराई. वर्ष असे सहज जाते. शस्त्रक्रियेची तारीख आणि अठ्ठाईसारखा मोठा उपवास जवळजवळ येत असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रोपण केलेली त्वचा धरण्यासाठी शरीराला प्रथिनांची गरज असते. डाळी, दूध, दही, पनीर यांतून शाकाहारी माणसाची ती गरज भागते. कंदमुळे वर्ज्य असल्याने काही अडत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम असेल तर औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसवून मिळतात काय, हे विचारण्यात संकोच नसावा. बऱ्याचदा ते जमते.

उपचारानंतर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते. जखम भरली, टाके निघाले, की रुग्ण येईनासा होतो, अशी तक्रार सर्वच डॉक्टर करतात. परत उद्भवणारा रोग बहुधा याच पहिल्या दोन वर्षांत दिसतो. तपासणीत जुन्या जागेबरोबर कमरेची दुसरी बाजू, जांघ व काखही पाहिली जाते.

राहिला प्रश्न नाड्याचा. सुतळीसारखा गोल, पिळाचा नाडा सर्वांत वाईट, कारण सगळा भार तो एका रेषेवर टाकतो. दीड-दोन इंच रुंदीची सपाट सुती पट्टी तोच भार पसरवते. नाडा बांधल्यावर दोन बोटे आत सहज जावीत. गाठ रोज एकाच कुशीवर न मारता जागा बदलावी, आणि रात्री परकराऐवजी सैल गाऊन किंवा सैल पायजमा वापरावा. पावसाळ्यात परकर पूर्ण वाळलेला नसेल तर तो इस्त्रीने कोरडा करून घ्यावा. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रियांनी कमरेचा वेढा एक दिवस थोडा वर, एक दिवस थोडा खाली घ्यावा. साडी सडपातळ दिसावी म्हणून हल्ली निघालेले ताणाचे, कृत्रिम धाग्याचे परकर समारंभापुरते ठीक. उकाड्यात दिवसभर ते घालणे कातडीला जाचते. सलवारीचा नाडा आणि पुरुषांचा घट्ट पट्टा यांनाही हाच नियम लावावा. रामआळीतल्या आणि इतर बाजारपेठांतल्या आपल्या कापड दुकानांतून तयार परकर शेकड्यांनी विकले जातात आणि त्यांत स्वस्तातला गोल नाडा ओवलेला असतो. रुंद सुती पट्टीचा परकर शिवून घेण्यास नगामागे फारसा जास्त खर्च येत नाही, आणि एकदा घालून पाहिलेली वयस्क गिऱ्हाईक दुसरा मागत नाही.